भात्याशिवायची पेटी

वडशात आमच्या दुकानाची पाटी अजून तीच आहे: 'हार्मोनियम व ऑर्गन दुरुस्ती'. अब्बांनी रंगवून घेतलेली. आता दुकानात येणाऱ्या निम्म्या वस्तूंना ना भाता असतो, ना पितळेचे सूर. तरी पाटी बदलावीशी वाटत नाही. ह्या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे? आयुष्यभर स्क्रू काढले आणि परत लावले. उरले तेवढे डब्यात टाकले. पण मग देवाजीभाऊंची आठवण झाली आणि म्हटलं, हे एक सांगावं. त्यात माझी चूक पण आहे, ती पण सांगून टाकावी.

त्याआधी ही नवीन वस्तू काय आहे ते सांगतो, कारण मलाही ती पहिल्यांदा कळली नव्हती.

आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. कंपन्यांचे ऑर्गनवाले दुकानात येऊन-जाऊन असतात. त्यातल्या एकाने एकदा पिशवीतून शाळेच्या पाटीएवढी एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. पंचवीस पट्ट्या, म्हणजे जेमतेम दोन सप्तकं. वर बटाट्यासारखी आठ गोल बटनं. वजन म्हणाल तर टिफिनएवढं. तो म्हणाला, "कुरिअरनं आलं, सलीमभाऊ. पण वाजून नाई राह्यलं."

मी पेचकस घेतला आणि उघडलं. आत सूर नाही, भाता नाही, साधा स्पीकरसुद्धा नाही. एक हिरवी पट्टी आणि चार वायरी. मी बंद केलं आणि मोठ्या अधिकाराने सांगितलं की तुम्हाला फसवलं, ह्याच्यात वाजण्यासारखं काहीच नाही. बिचारा परत पाठवायला निघाला. आठ दिवसांनी हसत हसत आला. सोबत लॅपटॉप. एक वायर लावली आणि त्या पाटीवरून सतार वाजवली, मग बासरी, मग अख्खा व्हायोलिनचा ताफा. मी खुर्ची पुढे सरकवली, त्याला चहा पाजला आणि म्हटलं, आता बसा आणि मला शिकवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दारावरची बेल घ्या. बटन दारात असतं, घंटा आत. बटनाला स्वतःचा आवाज नसतो, ते फक्त आत कळवतं की कोणीतरी आलं. हा छोटा कीबोर्ड म्हणजे ते बटन. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच तो वायरीतून कळवतो. आवाज निघतो तो लॅपटॉपमधून नाहीतर मोबाइलमधून. त्याला मिडी कीबोर्ड म्हणतात. आमच्याकडचे काही लोक 'मीडी' असं लांबवून म्हणतात, जसं काही ती त्यांची मावशी आहे.

एकदा हे कळलं की बाकी कामात जादू काही नाही. पण लोक वैतागून येतात. आलापल्लीहून एक संगीताचे सर चार तास एसटीत बसून आले होते. त्यांची तक्रार अशी की बोट आधी पडतं आणि आवाज मागून येतो, मुलं गाताना लडखडतात. त्यांना वाटत होतं पट्ट्या खराब आहेत. मी तपासलं तर आवाज ते बिनवायरीच्या स्पीकरवर ऐकत होते. वायरीशिवाय स्पीकरपर्यंत पोचायला आवाजाला उशीर होत होता. मी साधी वायर लावली, लॅपटॉपमध्ये एक आकडा कमी केला, दोन मिनिटांत काम झालं. सरांचं तोंड उतरलं. चार तास बसून आले तर किमान अर्धा तास तरी काम निघावं असं त्यांना वाटत असावं. मग मी उगाच पट्ट्या पुसून दिल्या.

तर देवाजीभाऊ.

कुरखेड्याच्या पुढे त्यांचं गाव. घरी धानाची शेती आणि गावच्या भजनी मंडळात पेटी. त्यांची पेटी आमच्या अब्बांनी बांधलेली, त्यामुळे ती दर दोन-तीन वर्षांनी भात्याच्या कामासाठी दुकानात यायची आणि देवाजीभाऊ ती कडेवर घेऊन यायचे, लेकरासारखी. एका वर्षी मात्र पेटी आली ती त्यांच्या मुलीसोबत. वनिता अंगणवाडीत आहे. तिने पेटी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की दुरुस्त करायची नाही, कोणाला पाहिजे असेल त्याला देऊन टाका. बाबांनीच घरातून काढायला सांगितली.

देवाजीभाऊंना पक्षाघात झाला होता. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, पण कळतं सगळं. डावा पाय ओढत चालतात. डावा हात मात्र गेला. ज्यांनी पेटी वाजताना पाहिली असेल त्यांना माहीत आहे, उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा मागचा भाता हलवत असतो. भाता हलला नाही तर पट्टी दाबून काही होत नाही. म्हणजे देवाजीभाऊंचा वाजवणारा हात शाबूत होता, पण पेटीत श्वास भरणारा हात गेला होता. मी विचारलं की भाता दुसरं कोणी का हलवत नाही. वनिता म्हणाली, तिने महिनाभर हलवला. पण त्यांना कुठे दम पाहिजे आणि कुठे सोडायला पाहिजे ते तिला आधी कळायचं नाही. बाबा चिडायचे, मग ती रडायची, मग दोघंही पेटीकडे पाठ करून बसायचे.

मी म्हटलं, पेटी इथे राहू दे, मी येतो.

रविवारी छोटा कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन मी गावात गेलो. देवाजीभाऊ ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांची बायको सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं खाटेवर मांडलं. त्यांनी त्या पाटीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तुम्हीसुद्धा थट्टा करता का, असं त्यांच्या नजरेत होतं. तरी उजवा हात पुढे आलाच. वाजवणाऱ्या माणसाचा हात गप्प राहत नाही.

पहिला प्रकार फसला. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात दाबा, आवाज भात्यावर ठरतो. ह्या कीबोर्डवर हळू दाबलं तर आवाज हळू आणि जोरात दाबलं तर जोरात. देवाजीभाऊंची बोटं पेटीची, त्यामुळे एक स्वर ओरडायचा आणि एक गायब व्हायचा. मी ती सोय बंद करून सगळ्या पट्ट्या सारख्या केल्या. पट्ट्या दोनच सप्तकांच्या, पण बाजूला खाली-वर जायचं बटन असतं, ते दाखवलं. मग लॅपटॉपमध्ये पेटीचा तयार आवाज लावला. त्यांनी भजनाची एक ओळ वाजवली. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच थांबलं. म्हणाले, "ही कोणाची पेटी हाये?"

खरंच, ती कोणाची तरी दुसऱ्याची पेटी होती. कुठल्या तरी शहरात कोणीतरी भरून ठेवलेली. परत येताना गाडीवर माझ्या डोक्यात आलं की दुसऱ्याची भरता येते तर ह्यांचीच का नाही? पेटी तर माझ्याच दुकानात पडली आहे.

ह्याला पण जादू लागत नाही, फक्त वेळ लागतो. पेटीचा एकेक स्वर माइकसमोर लांब वाजवायचा, तो लॅपटॉपमध्ये साठवायचा आणि त्या-त्या पट्टीला जोडायचा. मग पट्टी दाबली की तोच स्वर. दुकानामागच्या खोलीत मी खिडकीला रजया टांगल्या, पंखा बंद केला आणि गाड्यांच्या वेळा बघून बसलो. एकोणचाळीस पट्ट्या, प्रत्येक तीन वेळा. कोमल धैवताच्या मागे शेजारची बकरी आली, तो परत घेतला. घामाने अंगातलं बनियान पिळून निघालं.

आणि इथे माझी चूक झाली. भरायच्या आधी मी पेटी उघडून नीट केली. जुन्या पेटीत सूर उतरलेले असतात. सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाकडे घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. देवाजीभाऊंचा गांधार चांगलाच खाली होता, तो मी चढवला. निषाद पण लावला. मध्यमात एक घोगरेपणा होता, तिथला मळ काढला, जीभ सरळ केली. अब्बांची पेटी, ती बेसूर कशी भरायची? मला वाटलं, मी त्यांना भेटच देतोय. पुढच्या रविवारी मी जवळजवळ शीळ घालत गेलो.

देवाजीभाऊंनी एक ओळ वाजवली. मग दुसरी. मग हात काढून घेतला. "माही नाई," म्हणाले.

मी म्हटलं, तुमचीच आहे, एकेक पट्टी मी स्वतः भरली. त्यांनी मान हलवली. पुन्हा गांधारावर बोट ठेवलं, दाबून धरलं आणि माझ्याकडे पाहत राहिले. तेव्हा मला कळलं. तीस-पस्तीस वर्षं ते मंडळ त्या उतरलेल्या गांधारावर गात आलं होतं. त्यांच्यासाठी तोच बरोबर होता. चुकलेला स्वर मी आणला होता.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. लॅपटॉपमुळे असं होतं म्हणून थाप मारता आली असती, तिथे कोणाला काय कळणार होतं? पण पेटी अब्बांची होती आणि समोर देवाजीभाऊ होते.

"मीच घासलं, देवाजीभाऊ," मी म्हटलं. "सूर उतरले होते म्हणून लावून घेतले. मध्यम पण साफ केला."

सगुणाबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. मग देवाजीभाऊ सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "इचारायचं होतं जी."

एवढंच. ह्या कामात लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकाने पेटी अंगावर पण टाकली होती. पण त्या तीन शब्दांइतकं काही लागलं नाही. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. बुडाशी घासून स्वर खाली आणता येतो, पण तो पहिल्यासारखा बोलत नाही.

पेटीत ते शक्य नव्हतं. लॅपटॉपमध्ये थोडं शक्य होतं. तिथे एकेक स्वर केसाएवढा खाली किंवा वर सरकवता येतो आणि नाही पटलं तर परतही आणता येतो. पण किती सरकवायचा? जुना स्वर तर मीच मिटवला होता. तेव्हा वनिताने तिचा मोबाइल आणला. गावच्या सप्ताहाचा व्हिडिओ होता त्यात. गर्दी, लेकरांचा गलका, आणि त्या सगळ्याच्या मागे देवाजीभाऊंची पेटी. मी तो तुकडा वाजवायचा, मग कीबोर्डवर तीच पट्टी दाबायची आणि देवाजीभाऊंकडे पाहायचं. ते हनुवटी खाली करायचे, म्हणजे अजून उतरवा. वर करायचे, म्हणजे जास्त झालं. सकाळी बसलो ते दुपारचं जेवण तिथेच झालं. सगुणाबाईंनी भात आणि माठाची भाजी वाढली. निषाद आधी जमला, गांधार चार वाजता सापडला. त्यांनी हनुवटी हलवलीच नाही, फक्त डोळे मिटले. मी आकडा लिहून ठेवला.

मध्यमाचा घोगरेपणा मात्र परत आला नाही. पुष्कळ प्रयत्न केले. तो माझ्या हातून कायमचा गेला. देवाजीभाऊ पुढे कधी त्याबद्दल बोलले नाहीत, पण मध्यमावर ते थांबत नाहीत, चटकन पुढे जातात. मला ते दरवेळी दिसतं.

एक गोष्ट राहिली होती, दम. पेटीचा स्वर भात्यासोबत फुगतो आणि बसतो, आणि आमचा स्वर एकसारखा सरळ जात होता, रेल्वेच्या रुळासारखा. ह्या कीबोर्डला मागे पायाच्या पेडलची जागा असते. मी नागपूरहून पेडल मागवलं आणि ते आवाजाच्या कमी-जास्तीला जोडलं. पण ते पेडल जिथे सोडाल तिथेच राहायचं. भाता असा नसतो. भाता हलवायचा थांबला की पेटी गप्प होते, म्हणून तर वाजवणारा जागा राहतो. दुकानात एका मोडलेल्या ऑर्गनची स्प्रिंग पडली होती, ती त्यात बसवली. आता पाय दाबत राहिला तर आवाज, थांबला की आवाज पडतो. देवाजीभाऊंचा उजवा पाय चांगला होता. पहिले दोन दिवस पाय आणि बोटं भांडत होती. तिसऱ्या दिवशी वनिताचा फोन आला. तिने नुसता फोन ओसरीकडे धरून ठेवला. पेटी श्वास घेत होती.

महाशिवरात्रीला त्यांचं मंडळ दरवर्षी मार्कंड्याच्या यात्रेला जातं. मुख्य गाणारे रघुजी जुन्या वळणाचे. देवापुढे लॅपटॉप म्हणून त्यांनी नाक मुरडलं. दोन वर्षं पेटीशिवाय टाळ-मृदंगावर गातच होतो ना, म्हणाले. वनिताने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने लॅपटॉप बाबांच्या खुर्चीखाली ठेवला, वर टॉवेल टाकला, त्यांच्या पायाखाली पेडल सरकवलं आणि मांडीवर ती पाटी ठेवली. वैनगंगेच्या काठावर सकाळच्या उन्हात मंडळ बसलं. मी स्पीकरच्या वायरीजवळ उभा, हातात दोन जादा वायरी आणि मनातल्या मनात सगळ्या दुआ. रघुजींनी सुरुवात केली. देवाजीभाऊंनी ओळ उचलली आणि गांधार आला, तो तसाच, जरासा उतरलेला. रघुजींनी गाता गाता मान वळवून पाहिलं. थांबले नाहीत. दुसऱ्या कडव्याला ते बसल्या जागी सरकत सरकत देवाजीभाऊंच्या जवळ आले आणि पूर्वी गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, तसे आता खुर्चीतल्या त्यांच्या गुडघ्याला खांदा लावून बसले. पुढचं सगळं भजन तसंच झालं. माझ्या जादा वायरी लागल्या नाहीत.

मला वाटलं काम झालं. आमच्या कामात वस्तू वाजली की आपलं नाव संपतं, आणि तेच बरं असतं.

मार्चच्या शेवटी कुरखेड्याला एक ऑर्गन बघायला गेलो होतो. जवळ होतं म्हणून सकाळी देवाजीभाऊंकडे वळलो. मोहफुलांचे दिवस. सगळ्या गावाला तो गोड, जड वास. त्यांच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली आणि मध्ये पाय ठेवायला जेमतेम वाट. कवाडापाशी आलो तर आतून पेटी ऐकू आली आणि पेटीसोबत बाईचा आवाज. मला वाटलं वनिता. आत गेलो तर सगुणाबाई. मोहफुलं हाताने पसरवत होत्या आणि गात होत्या. धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया चिखलात वाकून गातात त्यातलं गाणं. मला पाहिलं आणि गप्प झाल्या, पदर सारखा केला.

मी हे असं कधी ऐकलं नव्हतं. ओसरीतून वनिता आली, तिने सांगितलं ते असं. सगुणाबाईंचा गळा गावात नावाजलेला, पण नवऱ्याच्या पेटीवर त्या लग्न झाल्यापासून एकदाही गायल्या नव्हत्या. देवाजीभाऊ मंडळासोबत वाजवायचे, म्हणजे पुरुषांच्या गळ्याला, काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. त्यांची बोटं तेवढ्याच वाटेने चालायची. बाईचा गळा किती तरी वर लागतो. दुसऱ्या स्वरापासून वाजवायचं म्हणजे सगळ्या बोटांची जागा बदलते, आणि ते त्यांना कधी जमलं नाही. कोणी फार मागेही लागलं नाही. बाईने पेटीवर गायचं कुठे? पण ह्या छोट्या कीबोर्डवर एक बटन असतं. बोटं जागच्या जागी ठेवा आणि सगळे स्वर एकदम वर सरकवा. मी ते देवाजीभाऊंना दाखवलंही नव्हतं, लागणार नाही म्हणून. एका सकाळी त्यांचा अंगठा चुकून त्यावर पडला. पेटी एकदम चढली. ते वैतागून बंद करणार, तेवढ्यात अंगणातून सगुणाबाईंचं गुणगुणणं आलं. बरोबर त्याच स्वरात.

वनिता म्हणाली, गुणगुणणं खालच्या स्वरातलं, म्हणून बाबा मग एकेक स्वर वर चढवत आईचा मोकळा गळा शोधत राहिले. काळी चारवर सापडला.

मी कीबोर्डकडे पाहिलं. बटनाचा दिवा लागलेला होता. पुढच्या आठवड्यात मंडळाचं भजन आहे असं वनिताने सांगितलं होतं, म्हणून सवयीने मी हात पुढे केला, बटन जागेवर आणून ठेवायला.

देवाजीभाऊंनी उजव्या हाताने माझा हात बाजूला सारला.

"राहू द्या," म्हणाले. "ते तिचं हाये."

मग त्यांनी पाय दाबला आणि गाण्याची पहिली ओळ वाजवली. सगुणाबाई मान खाली घालून फुलं पसरवत राहिल्या. परका माणूस बसलेला, गायच्या कशा? देवाजीभाऊंनी ओळ पुन्हा वाजवली, घाई न करता. मी उठून मोहफुलांच्या कडेने अंगणाच्या टोकाला गेलो आणि पाठ करून उभा राहिलो. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा त्या तिच्यासोबत होत्या.